मोरिताआजोबांची फिरकी

मी एक जुनी फिरकी आहे. मांजाची नव्हे, मित्रांनो, मासे पकडायच्या गळाची. दुकानात मला रील म्हणतात. फिरकी हे नाव मला फार उशिरा मिळाले, आणि ज्या बाईंनी ते दिले त्यांनीच त्याआधी मला देऊन टाकायच्या खोक्यात घातले होते. ते कसे झाले, हे सांगण्यासाठी मी आज बोलते आहे.

मी दिसते कशी ते आधी ऐका. गळाच्या काठीला मुठीजवळ, खालच्या अंगाला मी लटकते. माझ्या पोटात दातेरी चाके आणि बारीक छर्रे आहेत. पुढच्या वाटोळ्या भागावर दोरा गुंडाळलेला असतो, आणि तारेची एक कमान त्याच्याभोवती फिरते. बाजूला एक दांडी आहे. ती फिरवली की दोरा आत येतो. डोक्यावर एक बटण आहे. ते नीट बसवले असेल, तर मासा जोरात ओढू लागताच मी कुरकुरत थोडा थोडा दोरा सोडते. त्यामुळे दोरा तुटत नाही. मात्र तेव्हा कोणी दांडी फिरवू नये. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म जपानमध्ये, ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. मला मोरिता नावाच्या तरुणाने विकत घेतले. ते पुढे आजोबा झाले, पण तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीने त्यांना कॅनडात पाठवले, तेव्हा कपड्यांच्या मध्ये मला गुंडाळून ते घेऊन आले. हॅमिल्टनला घर घेतले. तिथेच त्यांची मुलगी आयको जन्मली, शिकली आणि नोकरीसाठी ओटावाला गेली. त्यांच्या पत्नी वारल्या. मी मात्र गॅरेजमधल्या खुंटीवर कायम राहिले.

शहराबाहेर बिनब्रूकजवळ एक तलाव आहे. त्यात बास नावाचा मासा असतो. हिरवट पाठीचा, मोठ्या तोंडाचा आणि हट्टी. इथल्या नियमाप्रमाणे बास पकडायला वर्षभर मुभा नसते. जून सरत आला की हंगाम उघडतो. अशाच एका हंगामाच्या पहिल्या दिवशी तलावाच्या लाकडी धक्क्यावर आम्हाला डेल भेटले.

डेल अमेरिकेतले, बफलोचे. सरहद्दीवरचा पूल ओलांडून आपला जुना ट्रक घेऊन ते यायचे. त्यांची काठी जाड, दोरा जाड आणि आवाजही जाड. एका जागी ते उभे राहत नसत. गळ फेकायचा, ओढायचा, चार पावले पुढे जायचे, पुन्हा फेकायचा. मोरिता एकाच जागी बसून केसासारख्या बारीक दोऱ्याने मासे काढत होते. डेल बराच वेळ पाहत राहिले आणि मग येऊन म्हणाले, की हा दोरा आहे की तुझ्या आजीचा केस? मोरितांनी त्यांच्या काठीकडे बघून विचारले, की याने तू मासे पकडतोस की अंगण झाडतोस? इथून त्यांची मैत्री सुरू झाली.

मोरितांनी डेलना एक जपानी रीत शिकवली. रबराचे मऊ गांडूळ घ्यायचे. त्याच्या डोक्यात शिशाचा बारीक खिळा खुपसायचा आणि गळ पोटाच्या मध्यावर अडकवायचा. पाण्यात सोडले की ते गांडूळ तळाशी डोक्यावर उभे राहते आणि शेपूट हलवते. दोरा ओढायचा नाही, काठीचे टोक नुसते थरथरवायचे. माशाला वाटते, किडा चिखलात तोंड घालून काही खातो आहे. या रितीचे नाव नेको.

डेलना जपानी शब्द एकच ठाऊक होता. नेको म्हणजे मांजर ना, असे ते म्हणाले. मोरिता हसले. हा नेको मांजराचा नव्हे, त्यांनी समजावले. मूळ शब्द नेकोसोगी. म्हणजे मुळासकट, सगळेच्या सगळे. या रितीने तलावातला एकूण एक मासा निघतो, म्हणून ते नाव. डेलनी मान डोलावली आणि तेव्हापासून मुद्दाम मांजरच म्हणू लागले. दरवर्षी ते विचारायचे, आज मांजर आणले का? दरवर्षी मोरिता पूर्ण शब्द म्हणून दाखवायचे.

डेलनीही पुष्कळ शिकवले. मासा तुला बसायला सोयीचे असेल तिथे राहत नाही, असे ते म्हणायचे, आणि मोरितांना पाणवेलींच्या कडेला न्यायचे. माशाला वर काढल्यावर एका हाताने जबडा धरावा आणि दुसरा हात पोटाखाली द्यावा, नुसते लोंबकळत ठेवू नये, हे त्यांचेच. गळाच्या टोकाला एक उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे गळ काढताना माशाचे तोंड फाटत नाही, हे दोघांनी मिळून ठरवले. ते मासे घरी नेत नसत, पाण्यात परत सोडत. मोरिता जपानहून आलेली गांडुळे डेलना देत, डेल त्यांना माशाला भुलवणारे, चमचमत्या पात्यांचे खुळखुळे देत. गळ आणि वजन बांधायच्या एका मांडणीला जपानात डाऊन शॉट म्हणतात आणि अमेरिकेत ड्रॉप शॉट. त्यातले खरे नाव कोणते, यावर ते एक अख्खा उन्हाळा भांडले. मांडणी एकच होती. मासे दोन्ही नावांनी लागत होते.

त्या काळात मला कौतुक कमी मिळाले नाही. डेल मला हातात घेऊन कानाशी धरायचे आणि म्हणायचे, आवाजच येत नाही हिचा. मोरिता दर हंगामानंतर माझे झाकण उघडून पुसायचे आणि तेलाचा एक थेंब टाकायचे. एकच. डेल आपल्या रिळांवर तेल फवारायचे आणि मग त्यांत वाळू का चिकटते, म्हणून कुरकुरायचे.

आता बेबीताईंची ओळख करून देते. त्या शेजारच्या घरात लेकीकडे राहतात. लेक मैत्रेयी हॅमिल्टनच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करते. बेबीताई मूळच्या कल्याणच्या. त्या आल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात मोरिताआजोबांनी त्यांच्या दारातला बर्फ फावड्याने उपसला, आणि बेबीताईंनी त्यांना जेवायला बोलावले. तिथे आजोबा एक मराठी शब्द शिकले. तो शिकल्यावाचून गत्यंतरच नव्हते, कारण बेबीताई पानातली भाकरी संपू देत नसत. आजोबा ताटावर दोन्ही हात आडवे धरून म्हणायचे, "नको, नको." बेबीताई वाढायच्याच. घरी येऊन आजोबा पोटावर हात फिरवत आरामखुर्चीत पडायचे.

मग एका शरद ऋतूत आजोबांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, आणि भाषा गेली. इंग्रजी जवळजवळ सगळे पुसले गेले. जपानीतले काही शब्द उरले, तेही अर्धेमुर्धे, आणि बेबीताईंच्या पंगतीतला तो नको. आयकोने त्यांना ओटावाला, आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात न्यायचे ठरवले. यात तिची चूक नव्हती. ती एकटी किती धावणार? घर जूनअखेर रिकामे करायचे होते. वस्तू निवडायचे काम मैत्रेयीकडे आले आणि मैत्रेयी ड्यूटीवर असल्यामुळे ते बेबीताईंनी घेतले. ठरले ते असे: वस्तू आजोबांना दाखवायची. त्यांना हवी असेल तर ओटावाच्या सामानात, नको असेल तर खोक्यात. शनिवारी एका संस्थेची गाडी येऊन खोकी नेणार, आणि रविवारी आजोबा जाणार.

शनिवार हा बासच्या हंगामाचा पहिला दिवस होता. हे बेबीताईंना ठाऊक नव्हते. आजोबांना ठाऊक होते. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेवर एक मासा काढलेला होता, आणि ते त्याच्याकडे पाहत बसत. मित्रांनो, त्यांना आता फार काही नको होते. जाण्यापूर्वी एकदा धक्क्यावर डेलच्या शेजारी बसायचे, एवढेच. पण ते सांगायला शब्द नव्हते, आणि डेलचा फोन वाजला तरी ते घेत नव्हते, कारण घेऊन बोलणार काय?

बेबीताईंनी काम नेटाने केले. चहाची किटली दाखवली, आजोबांनी मान हलवली, किटली सामानात गेली. भोके पडलेला स्वेटर दाखवला, आजोबा स्पष्ट म्हणाले, "नको." स्वेटर खोक्यात. मग त्यांनी गॅरेजमधून मला काठीसकट आणले. त्यांनी मला लांब धरले होते, जशी एखादी वस्तू ओली असताना धरतात. बेबीताई रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणतात. त्यातले पहिलेच शील जीवहिंसा न करण्याचे. शेजारी इतका भला माणूस आणि त्याला हा गळाचा नाद, हे त्यांना मनातून कधी पटले नव्हते.

आजोबांनी मला पाहिले आणि डावा हात उचलला. ओठ बराच वेळ हलले. मग शब्द आला.

"नेको," ते म्हणाले. "नेको, नेको."

बेबीताईंना ऐकू आले ते नको, नको. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आजोबांनी आणखी मोठ्याने तेच म्हटले आणि खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"बरं बाबा, नको तर नको," बेबीताई म्हणाल्या. "एवढं चिडायला काय झालं?"

त्यांनी मला काठीवरून सोडवले, खोक्यात स्वेटरवर ठेवले, आणि आजोबा दमले असतील म्हणून चहा टाकायला गेल्या. आजोबा खोक्याकडे पाहत राहिले. चहा तसाच निवला. मी सगळे ऐकले होते आणि मला दोन्ही शब्दांतला फरक कळत होता, पण फिरकीला तोंड नसते.

शनिवारी सकाळी खोकी ओसरीच्या पायऱ्यांवर मांडलेली होती. बेबीताई गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. एक जुना ट्रक येऊन थांबला, टोपी घातलेला उंच म्हातारा उतरला. बेबीताईंनी वेळ घालवला नाही. सर्वांत वरचे खोके उचलून त्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "टेक, टेक. मोअर इनसाइड."

ते डेल होते. फोन उचलला जात नव्हता तरी हंगामाच्या पहिल्या दिवशी ते आले होते. त्यांनी खोक्यात पाहिले, मला उचलले आणि नेहमीसारखे कानाशी धरले. मग त्यांचा चेहरा उतरला. ही का देऊन टाकता आहात, असे त्यांनी विचारले.

"मोरिता से नको," बेबीताई म्हणाल्या. "नको मीन्स नो. आय आस्क. ही से टू टाइम्स, थ्री टाइम्स. नको."

आवाज ऐकून मैत्रेयी शेजारच्या घरातून बाहेर आली. डेलनी खोके पायरीवर ठेवले. त्यांनी तो शब्द स्वतःशी पुटपुटून पाहिला. मग ट्रककडे गेले, एक डबी उघडली आणि रबरी गांडूळ काढले. त्याच्या डोक्यात शिशाचा खिळा होता. ते हळू आवाजात मैत्रेयीला सांगू लागले, आणि ऐकता ऐकता मैत्रेयीने कपाळाला हात लावला.

"आई, ते नको म्हणतच नव्हते गं. नेको. इट्स अ रिग. गळ लावायची पद्धत आहे ती. जपानी नाव आहे. फिशिंगला जायचंय, असं ते तुला सांगत होते."

बेबीताई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी माझा शब्द त्यांच्या तोंडी घातला. मला तोच ऐकायचा होता ना."

डेल आत गेले. आजोबा खुर्चीत होते. डेलनी नमस्कार-चमत्कार केला नाही, तब्येत विचारली नाही. मला एका हातात आणि गांडूळ दुसऱ्या हातात धरून ते समोर उभे राहिले आणि म्हणाले, "मांजर आणलं का?"

आजोबांच्या तोंडाची डावी बाजू हसली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कोणी घाई केली नाही.

"नेको," ते म्हणाले. मग दम घेऊन, एक एक अक्षर जोडत, "नेको... सोगी."

पक्षाघातानंतर इतका लांब शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. मैत्रेयीने आयकोला फोन लावला. आयको आधी नाही म्हणाली; पाण्याकाठी पडले तर, असे म्हणाली. मैत्रेयीने फोन आजोबांच्या तोंडाशी नेला, त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला. तो ऐकून आयको म्हणाली, टोपी घालून न्या.

संस्थेची गाडी आली ती बाकीची खोकी घेऊन गेली. डेलनी मला पुन्हा माझ्या काठीवर बसवले आणि आम्ही मैत्रेयीच्या गाडीतून तलावावर गेलो. धक्क्यावर आजोबांची खुर्ची मांडली. आता अडचण अशी, की त्यांचा एकच हात चालत होता. डाव्या हाताने काठी धरून ते टोक थरथरवू शकत होते, नेको रितीला तेवढे पुरे. पण मासा लागला तर दांडी कोण फिरवणार? डेलनी माझी दांडी डावीकडून काढून उजवीकडे बसवली. माझ्यासारख्या फिरकीत ती सोय असते. उजवीकडे कोणीतरी बसायला हवे होते. डेलना जाळे धरायचे होते, मैत्रेयी खुर्ची धरून उभी होती. सगळ्यांनी बेबीताईंकडे पाहिले.

बेबीताईंनी मैत्रेयीला विचारायला सांगितले, की मासा मरणार का? डेलनी गळ त्यांच्या हातावर ठेवला. दाबून सपाट केलेला काटा त्यांनी बोटाने चाचपून पाहिला. मग पदर खोचून त्या खुर्चीशेजारी टेकल्या.

"म्हणजे फिरकी धरायची," त्या म्हणाल्या. "तेवढं मला येतं. दादा पतंग उडवायचा तेव्हा गच्चीवर दुसरं काय करत होते मी?"

असे मला माझे नाव मिळाले.

डेलनी पाणवेलींच्या कडेला गळ टाकून काठी आजोबांच्या हातात दिली. गांडूळ तळाला गेले. आजोबांचा डावा हात हलकेच थरथरू लागला. ते तो मुद्दाम थरथरवत होते की तो आपोआप थरथरत होता, हे मला सांगता येणार नाही, पण गांडूळ जसे हलायला हवे तसेच हलत होते. बराच वेळ काही झाले नाही. बेबीताईंनी सोबत आणलेले शेंगदाण्याचे लाडू वाटले. डेल म्हणाले, की या लाडवाचा वास गांडुळाला लावला तर अमेरिकेतले सगळे मासे इकडे येतील.

मग दोरा ताठ झाला. काठी वाकली. बेबीताईंनी दांडी धरली आणि जिवाच्या आकांताने फिरवू लागल्या. मासा वेलींकडे धावत होता, बारीक दोरा कापऱ्या आवाजात गाऊ लागला. अजून दोन वेढे आणि तो तुटला असता. डेल जाळे घेऊन वाकले होते, त्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते.

"नको," आजोबा म्हणाले.

या वेळी तो शब्द बेबीताईंच्या स्वयंपाकघरातला होता. ताटावर हात आडवा धरावा तशी आजोबांनी मान आडवी हलवली. बेबीताईंचा हात जागीच थांबला. मी कुरकुरत दोरा सोडू लागले, मासा गेला तितका गेला, आणि दमून थांबला. आजोबांनी काठीचे टोक किंचित वर केले. बेबीताईंनी हळूच एक वेढा घेतला, थांबल्या, आजोबांच्या तोंडाकडे पाहिले, दुसरा घेतला. शेवटी डेलनी मासा जाळ्यात घेतला.

मासा मध्यम होता. याहून मोठे मी अनेक ओढले आहेत. आजोबांनी डावा तळहात त्याच्या पोटाखाली दिला, डेलनी गळ काढला, आणि दोघांनी मिळून त्याला पाण्यात सोडले. शेपटीचा एक फटकारा मारून तो दिसेनासा झाला. बेबीताई वाकून पाहत होत्या. गेला, त्या म्हणाल्या, आणि धक्क्याच्या फळीवर हात पुसले.

रविवारी आयको आली. सामान गाडीत भरले. निघताना आजोबांनी मला मांडीवरून उचलले आणि बेबीताईंपुढे धरले. आपल्याकडे कोणी काही देऊ लागले की जे तोंडातून आपोआप निघते, तेच बेबीताईंच्या तोंडून निघाले.

"नको, नको."

आजोबा डाव्या गालाने हसले. "नेको," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या ओंजळीत ठेवले.

आता मी बेबीताईंच्या स्वयंपाकघरात, सांडशी आणि लिंबू पिळायच्या यंत्राशेजारच्या खणात असते. पहिल्या वर्षी त्यांनी प्रेमाने मला खोबरेल तेल पाजले. इथल्या थंडीत ते माझ्या पोटात थिजले आणि मी वळेना. डेलनी ते सगळे पुसून काढले आणि तेलाची योग्य बाटली आणून दिली. एकच थेंब, असे बोट दाखवून त्यांनी बजावले. उन्हाळ्यात बेबीताई आणि मैत्रेयी मला घेऊन ओटावाला जातात, डेलही येतात. तिथल्या नदीतही बास आहेत. आजोबांच्या तोंडी दोन-तीन शब्द वाढले आहेत, त्यांतला एक लाडू आहे.

माझे चाक आता थोडे खरखरते. पुढच्या एखाद्या वर्षी मी बंद पडेन, त्याचे मला विशेष वाटत नाही. वस्तू बंद पडतातच. पण मित्रांनो, तुमच्या घरातही जुन्या वस्तू निवडायची वेळ येईल. तेव्हा वस्तू पुसून घ्या, तिला थेंबभर तेल द्या, आणि ती ज्याची आहे त्याच्यासमोर धरून विचारा. तो जे म्हणेल ते ऐका. मग चहा टाकायला जाण्याआधी खाली बसून, त्याच्या तोंडाकडे पाहत, आणखी एकदा विचारा.